जॉब कार्ड एम-१ : भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या मार्केटिंगच्या नोंदी

प्रकल्प : मार्केटिंगला दर आठवड्याला ठरलेले तीन तास
कालावधी : जुलै ते डिसेंबर २०२५
नोंदी मी लिहितो. कोटेशनचं रजिस्टर बायकोकडे. लोडिंग बोर्ड, म्हणजे कुठल्या मशीनवर कुठला जॉब ते दाखवणारा फळा, मामांकडे (आमचे सेटर, म्हणजे प्रत्येक जॉबसाठी मशीन लावून देणारे, वयाने मोठे, म्हणून सगळ्या शॉपचे मामा).

३ जुलै, गुरुवार

आज एमआयडीसीची सुट्टी. शॉप बंद, रस्ता मोकळा, म्हणून लिहायला बसलो.

आधी आहे ती परिस्थिती. दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, जुनं घेतलेलं, पण माप अजून व्यवस्थित धरतं), एक साधा लेथ, एक पिलर ड्रिल. बहुतेक काम एकाच ग्राहकाचं : हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि स्पूल (आत सरकणारे दांडे). त्यांचं शेड्यूल आलं की आपला महिना ठरतो. शेड्यूल कमी आलं की व्हीएमसीवर कापड पडतं. मधल्या काळात जे नवे ग्राहक मिळाले ते कुणीतरी कुणाला तरी सांगितलं म्हणून मिळाले. आपण उठून कुणाकडे गेलो, असं झालेलं नाही.

कारण पाठ आहे : वेळ नाही. मशीन भरलेली असतात तेव्हा खरंच नसतो. मशीन रिकामी होतात तेव्हा वेळ भरपूर, पण त्या वेळी केलेल्या फोनला समोरचा खरेदीवाला लगेच ओळखतो आणि रेट पाडूनच बोलायला लागतो.

आणि आमच्या धंद्यात फोन केला आणि काम आलं असं होत नाही. आधी ओळख, मग त्यांचा माणूस शॉप बघून जाणार, मग ड्रॉइंग, कोटेशन, सॅम्पल, मोजमापाचा रिपोर्ट, वेंडर कोड, आणि शेवटी ट्रायल ऑर्डर. चार-सहा महिने सहज जातात. जानेवारीत मशीनवर काय चढणार हे आत्ताच्या फोनवर ठरतं. म्हणजे हे काम मशीन भरलेली असतानाच करायचं आहे, आणि नेमकं तेव्हाच ते कुणाला सुचत नाही.

ठरवलं ते असं : बुधवारी साडेदहा ते साडेअकरा फोन. गुरुवारी सकाळी दोन तास टेबलावरचं काम. गुरुवारी फोन करून उपयोग नाही, आजूबाजूच्या खरेदी खात्यांनाही सुट्टी असते. बुधवार त्यांच्याकडे आठवड्याचा शेवटचा दिवस, घाईचा, पण माणूस जागेवर सापडतो.

४ जुलै, शुक्रवार

आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. सकाळी लोडिंग बोर्डवर मार्केटिंगचं कार्ड लावलं. बाकी जॉबना असतं तसंच : कार्ड नंबर एम-१, ऑपरेशन १०, २०, ३०. वहीत लिहिलेलं वहीतच राहतं. बोर्डवरचं कार्ड सगळे बघतात आणि पुढे सरकलं नाही तर विचारतात.

मामांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "शेठ, ह्याचा सायकल टाइम किती धरायचा?"

प्रश्न चेष्टेतला, पण उत्तर द्यावं लागलं. ऑपरेशन १० : जुनी कोटेशन काढणं. २० : शॉपची एक पानाची माहिती. ३० : दाखवायचा नमुना पीस. ४० : फोटो आणि गूगलवरची नोंद. ५० : फोन, हे कायम चालू. पहिल्या चारांना दोन महिने. पन्नासला शेवट नाही.

९ जुलै, बुधवार

फोनचा पहिला तास. केबिनमध्ये बसून जमलं नाही. काचेतून मी दिसतो, आणि मालक रिकामा बसलेला दिसला की प्रत्येकाला त्याच्याकडे काम निघतं. टेम्पोवाल्याला चलनावर सही हवी. इन्सर्टचा (टूलला लावायच्या कापणाऱ्या टोकांचा) बॉक्स कुठे ठेवलाय. कूलंटचा कॅन संपलाय. शिवाय मागे मशीनचा आवाज, समोरच्याला निम्मं ऐकू जात नाही.

साडेअकराला मामांशी बोललो. पुढच्या बुधवारपासून त्या तासात शॉपचा फोन त्यांच्याकडे, माझा दुसरा नंबर माझ्याकडे. मी गाडीत बसणार, गाडी दोन गल्ल्या पलीकडे. मशीन क्रॅश झालं किंवा कुणाला लागलं तरच बोलावायचं. रिजेक्शनसाठीसुद्धा नाही, पीस बाजूला ठेवायचा, लाल टॅग लावायचा, मी आल्यावर बघेन.

१७ जुलै, गुरुवार

ऑपरेशन १०. बायकोने दोन वर्षांची कोटेशन काढून ठेवली होती. ज्यांची ऑर्डर आली ती एका बाजूला, न आलेली दुसऱ्या बाजूला. दुसरा गठ्ठा बराच जाड.

त्या गठ्ठ्यावर आमच्याकडून पुढे काहीच झालेलं नाही. कोटेशन पाठवलं, उत्तर आलं नाही, विषय संपला. बायकोने प्रत्येक कागदावर पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला : "पुढे काय झालं?" यादी करून बुधवारच्या तासाला जोडली.

हे नव्या माणसाला फोन करण्यापेक्षा फार सोपं आहे. ड्रॉइंग आपल्याकडे आहे, माणूस नावाने ओळखतो, आणि विचारायला विषय आहे.

२३ जुलै, बुधवार

गाडीतून फोन. जुन्या कोटेशनवाल्यांची उत्तरं ऐकण्यासारखी. रेट जास्त वाटला असं म्हणणारे होतेच, पण वाटलं होतं त्याहून कमी. काहींचं ड्रॉइंगच बदललं होतं आणि नवं रिव्हिजन कुणाला पाठवलेलंच नव्हतं. काहींचा प्रोजेक्ट पुढे ढकललेला. एका ठिकाणी खरेदीचा माणूस बदललेला, नव्याला आमचं नावही माहीत नाही. त्याने कोटेशन परत पाठवायला सांगितलं.

रेटबद्दल एक गोष्ट कळली. आम्ही सेटिंगचा खर्च पीसच्या रेटमध्ये मिसळून देतो. पाचशेच्या लॉटला चालतं. वीस पीस मागितले की तो रेट अंगावर येतो आणि समोरचा समजतो की हे महागडे लोक आहेत. आता सेटिंग चार्ज वेगळ्या ओळीत, एकदाच, आणि खाली वीस, शंभर, पाचशे असे तीन रेट. म्हटलं तर हे कोटेशनचा नमुना बदलणं झालं, मार्केटिंगच्या तासातच मोजलं.

२४ जुलै, गुरुवार

ऑपरेशन २०, एक पानाची माहिती. हे वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं.

जुनं माहितीपत्रक काढलं. "उत्कृष्ट गुणवत्ता, वेळेवर डिलिव्हरी, वाजवी दर." वर दातेरी चाकाचं चित्र, तेही कुठल्यातरी दुसऱ्याच मशीनचं. टी ब्लॉकमधल्या कुठल्याही शॉपच्या नावाखाली हा कागद चालला असता. खरेदीवाल्याला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या हातात ड्रॉइंग असतं आणि डोक्यात एक प्रश्न : हा पीस यांच्या मशीनवर बसतो का?

म्हणून नव्या कागदावर फक्त आकडे. टर्निंगला जास्तीत जास्त व्यास किती, लांबी किती, बार किती जाडीपर्यंत आत जातो. व्हीएमसीचा एक्स, वाय, झेडचा प्रवास, टूल मॅगझिनमध्ये किती जागा. कुठली मटेरियल रोज कापतो : ईएन-८, एसएस ३०४, ग्रे कास्ट आयर्न, ॲल्युमिनियम. मोजायला काय आहे : मायक्रोमीटर, बोअर गेज, थ्रेड गेज, हाइट गेज, आणि त्यांचं कॅलिब्रेशन कधीपर्यंतचं. काय करत नाही तेही लिहिलं : ग्राइंडिंग बाहेरून, हीट ट्रीटमेंट बाहेरून, पाच-अक्षी काम नाही.

शेवटची ओळ बायकोला पटली नाही. "नाही म्हणून छापतं का कुणी?" माझं म्हणणं, जो माणूस पाच-अक्षीचं ड्रॉइंग पाठवून तीन दिवस वाट बघतो तो परत पाठवत नाही. ओळ ठेवली. तिच्या सांगण्यावरून खाली उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर घातला, तो बरा.

३१ जुलै, गुरुवार

महावितरणचं देखभालीचं काम, दुपारपर्यंत वीज नाही. लॅपटॉपची बॅटरी मेली. कागदावर ग्राहकांची यादी केली.

६ ऑगस्ट, बुधवार

यादीवरून कुणाला फोन करायचा आणि कुणाला नाही, यातच तास गेला.

भोसरीत राहून गाड्यांच्या कंपन्यांकडे डोळे लागलेले असतात. टेल्कोचा रस्ता समोरूनच जातो. पण त्यांना माल देणाऱ्या बहुतेक मोठ्या पुरवठादारांना आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र हवं असतं, आपल्याकडे सर्वसाधारण आयएसओ ९००१ आहे. ते मिळवायला खर्च आणि कागदपत्रं, मग प्रत्येक पार्टला पीपॅपची (पार्ट मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांची) फाइल, आणि वरून दरवर्षी रेट कमी करण्याची मागणी. मोठा लॉट, बारीक मार्जिन. तो धंदा वाईट नाही, आपल्या आकाराच्या शॉपला तीन तासांत मिळणारा नाही, एवढंच.

त्याऐवजी पंपवाले, पॅकेजिंग मशीन बनवणारे, खाद्यपदार्थ आणि औषधांच्या कारखान्यांची यंत्रं बनवणारे. लॉट लहान, पार्ट वेगवेगळे, स्टेनलेस स्टील जास्त. मोठी शॉप अशा कामाला हात लावत नाहीत, सेटिंगमध्येच दिवस जातो म्हणून. आपल्याकडे मामा आहेत. सेटिंग हीच आपली विकायची गोष्ट.

यादी निम्म्याहून कमी झाली. फोन करायला उत्साह आला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ऑपरेशन ३०, नमुना पीस. कुणाला भेटलं की तो विचारतो, "काय बनवता, दाखवा." आणि दाखवायला आपल्याकडे काही नसतं. जे बनवतो ते ग्राहकाच्या ड्रॉइंगचं, गोपनीयतेच्या करारावर सही केलेली. त्यातल्या एकाही पार्टचा फोटो बाहेर टाकता येत नाही, टाकूही नये. शेजारच्या गल्लीतले लोक सर्रास टाकतात. त्यांचे ग्राहक एक दिवस बघतील.

तेव्हा स्वतःचंच ड्रॉइंग केलं. एसएस ३०४ चा मुठीत बसेल एवढा पीस. त्यात २५ मिलिमीटर एच७ चं बोअर (आतलं गोल छिद्र), दुसऱ्या टोकाला बाहेरून एम२० चा बारीक पिचचा आटा, एक किल्लीची खाच, आणि बोअरला आडवं चार मिलिमीटरचं भोक. एच७ म्हणजे २५ ला खाली शून्य, वर २१ मायक्रॉन. तेवढ्यात बसवणं स्टेनलेसमध्ये रोजचं काम असलं तरी बघणाऱ्याला काम काय आहे ते कळतं. खरी परीक्षा आडव्या भोकाची. जिथे ते बोअरमध्ये उघडतं तिथे बर (धातूची बारीक धार) राहतो, आणि तो काढला की नाही हे खरेदीवाला करंगळी घालून बघतो. स्पूलच्या कामामुळे मामांचा यात हात बसलेला आहे.

भंगारात पडलेल्या बारच्या तुकड्यातून दहा-बारा पीस निघतील. प्रत्येकाबरोबर मोजमापाचा रिपोर्ट, सहीसकट. पीसवर आमचा नंबर कोरायचा की नाही यावर चर्चा झाली. कोरायचा. टेबलावर पेपरवेट म्हणून राहिला तरी चालेल.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन गोष्टी सोडल्या.

एक, व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच संदेश जातो. अनोळखी खरेदीवाल्याकडे आपला नंबर कशाला असेल? आधी बोलणं झालं, नंबर सेव्ह झाला, मग तिचा उपयोग. जुन्या ग्राहकांसाठी ठेवू.

दोन, पैसे भरून एनक्वायरी देणारी एक ऑनलाइन सेवा. महिनाभर घेऊन बघितली. एकच एनक्वायरी आपल्यासारख्या अनेकांना जाते, फोन लावेपर्यंत समोरचा वैतागलेला असतो. बऱ्याच जणांना एक किंवा दोनच पीस हवे होते, तेही उद्या. दुसऱ्या कुणाला लागू पडत असेल. आमचे तीन तास त्यात बुडत होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. कालपासूनच अमेरिकेचं बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू झालं. आज सुट्टी असूनही मोठ्या ग्राहकाचा मेसेज : निर्यातीच्या व्हॉल्व्हचं सप्टेंबरचं शेड्यूल खाली येणार, किती ते नंतर कळवतो.

व्हीएमसीचा ताशी रेट पाचशे धरला तर एक शिफ्ट रिकामी म्हणजे चार हजार. महिनाभर निम्म्या शिफ्ट गेल्या तर किती, ते बायकोने कागदावर काढून माझ्यासमोर ठेवलं. काही बोलली नाही.

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आल्यावर दोन तास बसलो. मोठ्या ग्राहकाला त्याच्या देशांतर्गत ऑर्डरींबद्दल विचारायचं लिहून ठेवलं. मार्केटिंग म्हणजे नवे ग्राहक असंच आपण धरून चाललो होतो, ह्यांच्या दुसऱ्या विभागात कधी डोकावलोही नाही. तिथे पॉवर पॅकचे (तेलाचा दाब देणाऱ्या युनिटचे) मॅनिफोल्ड ब्लॉक, म्हणजे तेलाच्या वाटा कोरलेले ठोकळे लागतात, आणि ते व्हीएमसीचं काम आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

आजचा तास फोनवर गेलाच नाही, चहावर गेला. इन्सर्ट विकायला येणारा मुलगा आला होता. नेहमी पाच मिनिटांत त्याची ऑर्डर लिहून वाटेला लावतो. आज बसवून विचारलं, सध्या कुणाकडे काम अडलंय?

तो दिवसभर भोसरी, चिंचवड, चाकण अशी वीस शॉप फिरतो. कुणाचं मशीन बंद पडलंय, कुणाचा सेटर सोडून गेलाय, कुणाला स्टेनलेसचे टूल जास्त लागायला लागलेत, सगळं त्याला माहीत. चहा संपायच्या आत दोन ठिकाणांची नावं मिळाली. हीच माहिती हीट ट्रीटमेंटवाल्याकडे, प्लेटिंगवाल्याकडे आणि आपला माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याकडे असते. यातला कुणीही आपला स्पर्धक नाही, आणि आपलं काम वाढलं तर त्यांचंही वाढतं.

त्याला नमुना पीस दिला. त्याच्या बॅगेत फिरेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारपासून जीएसटीचे दर बदलणार. छोट्या गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ टक्क्यांवर. आमच्यासारख्यांचं जॉबवर्क, म्हणजे ग्राहकाच्या कास्टिंगवर केलेलं मशिनिंग, १२ वरून १८ वर. ग्राहकाला क्रेडिट मिळतं म्हणून त्याला फार फरक नाही, पण कागद सगळे बदलावे लागणार.

बायको म्हणाली, मग उघडी असलेली सगळी कोटेशन नव्या दराने परत पाठवू. म्हणजे प्रत्येकाला फोन करायला कारण मिळालं, तेही सरकारने दिलेलं. "तुमचं कोटेशन नव्या जीएसटीने पाठवलंय, बघून घ्या. आणि त्या पार्टचं पुढे काय झालं?" हे वाक्य तिने लिहून दिलं. मी बोलतो त्यापेक्षा बरं आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

गाड्यांना मागणी वाढल्याची चर्चा सगळीकडे. शेजारच्या शॉपकडून ओव्हरफ्लो, म्हणजे त्यांना न झेपलेलं काम आलं, दोन्ही टर्निंग तिसऱ्या शिफ्टला. बोर्डवर जागा नाही. मामांनी एम-१ चं कार्ड काढून खिशात ठेवलं होतं, मी विचारेपर्यंत.

नियम ठरला. तास हलवता येईल, लगेचच्या एक-दोन दिवसांत. पुसता येणार नाही. हलवायचा असेल तर हलवणाऱ्याने नवी वेळ लिहायची. मामांनी शुक्रवार सकाळ लिहिली. 

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शुक्रवारी शिफ्ट लावताना डोकं जागेवर नसतं, तरी बसलो. चार फोन होण्याऐवजी दोन झाले.

ओव्हरफ्लोचं काम दोन-तीन महिन्यांचं आहे. शेजाऱ्याने नवं मशीन बुक केलंय, ते आलं की बंद.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

वर्षातला एकच दिवस शॉप फोटो काढण्यासारखं असतं. मशीन पुसलेली, चिप्स उचललेल्या, तेलाचे डाग घासलेले, गेज रांगेत. हार घालायच्या आधी, सकाळी आठलाच फोटो काढून घेतले. सगळ्या मशीनचे, मोजमापाच्या टेबलाचे आणि नमुना पिसाचे चारी बाजूंनी. ग्राहकाचा एकही पार्ट चौकटीत नाही, हे मामांनी दोनदा तपासलं.

पूजेला या वर्षी दोन जास्तीच्या माणसांना बोलावलं होतं : इन्सर्टवाल्याने सांगितलेल्या फूड मशीनवाल्यांचे खरेदी इंजिनिअर, आणि मोठ्या ग्राहकाच्या पॉवर पॅक विभागातले एक जण. एरवी "शॉप बघायला या" म्हटलं की तारीख ठरत नाही. पूजेला या म्हटलं की माणूस पेढा घ्यायला तरी येतो. फूड मशीनवाले अर्धा तास थांबले. नमुना पिसाच्या आडव्या भोकात करंगळी घातली. मामा दुसरीकडे बघत उभे होते.

हे भोसरीत नवं नाही. आधीच्या पिढीचे शॉपवाले दसऱ्याला अख्ख्या गल्लीला बोलवायचे, त्यातूनच कामं फिरायची. मधे आपण पेढ्यांचे बॉक्स कुरिअर करायला लागलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ऑपरेशन ४०. गूगलवर व्यवसायाची नोंद. पडताळणीला व्हिडिओ मागितला : बाहेरची पाटी, रस्ता, आतली मशीन, आणि आपणच मालक आहोत हे दिसेल असं काही, म्हणून शटरचं कुलूप उघडताना. सलग एकाच चित्रीकरणात. पाटीवरचं नाव आणि भरलेलं नाव सारखंच हवं, आमच्या पाटीवर "इंजिनीअरिंग" आणि फॉर्मवर "इंजिनिअरिंग". पाटी रंगवण्यापेक्षा फॉर्म बदलला. सुट्टीचा वार गुरुवार लिहिला, नाहीतर बाहेरगावचा माणूस गुरुवारी येऊन परत जातो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी, बोनस, गावी गेलेली माणसं. गेल्या आठवड्यात काही नाही. आज फक्त यादी अद्ययावत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फूड मशीनवाल्यांचं ड्रॉइंग आलं. दोन पार्ट, एसएस ३०४, सॅम्पल पाच-पाच. सेटिंग चार्ज वेगळ्या ओळीत बघून त्यांच्या माणसाने फोन केला, वीस पीसला आणि शंभरला रेट असा का पडतो ते विचारलं. समजावून सांगितलं. घासाघीस झाली ती सेटिंगच्या ओळीवर, पीसच्या रेटवर नाही.

पैशांच्या अटीही आजच काढल्या. एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि आयकराच्या ४३बी(एच) कलमामुळे वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट ग्राहकाला पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. हे नव्या ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगायला जड जातं. उद्यमचा नंबर कोटेशनवर छापलेला असल्यामुळे त्यांनीच विषय काढला. नव्वद दिवस मागणारा एक जण यादीतून याच कारणाने गेल्या महिन्यात कमी केला होता. तो मोठा होता. गेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मराठी माणसाला मार्केटिंग जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी किर्लोस्करवाडीकडे बघावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला विकले जात नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होईल असं शेतकऱ्यांना वाटायचं. पुढे १९२० मध्ये कारखान्याने "किर्लोस्कर खबर" नावाचं मासिकच काढलं. दर महिन्याला. माळावर उभ्या केलेल्या कारखान्याला, ओतकाम आणि नांगरांच्या गडबडीत, दर महिन्याला छापायला मजकूर द्यायचा म्हणजे कुणीतरी ठरलेल्या वेळी बसत असणार.

आम्ही मासिक काढणार नाही. पण महिन्यातून एक मेसेज, जुन्या ग्राहकांना, ब्रॉडकास्टनेच : या महिन्यात कुठल्या मशीनवर किती जागा आहे. बस. शुभेच्छा, फुलं, सुविचार काही नाही. पहिला आजच गेला : "डिसेंबर : व्हीएमसीवर एक शिफ्ट मोकळी. टर्निंग भरलेलं." टर्निंग भरलेलं हे लिहू नको असं बायको म्हणाली नाही या वेळी. दुपारी एकाने विचारलं, टर्निंग कधी मोकळं होणार?

१० डिसेंबर, बुधवार

फूड मशीनवाल्यांचं सॅम्पल पास. एका पिसाचा पृष्ठभाग थोडा खरखरीत, सूचना लिहून आली, पुढच्या लॉटला फिनिशिंगचा फीड कमी करायचा. त्यांचा ऑडिट आज होता. गेजचे कॅलिब्रेशन दाखले, रिजेक्शनचं रजिस्टर, लाल टॅग लावायची जागा. लाल टॅगची पद्धत जुलैत फोनच्या तासासाठी सुरू केली होती, तिचे ऑडिटमध्ये गुण मिळाले.

पॉवर पॅक विभागाकडून मॅनिफोल्डचं ड्रॉइंग यायचंय. दर बुधवारी विचारतो. दर बुधवारी "पुढच्या आठवड्यात".

२४ डिसेंबर, बुधवार

फूड मशीनवाल्यांची ट्रायल ऑर्डर आली. रक्कम मोठी नाही, मोठ्या ग्राहकाची घट त्याने भरून निघत नाही. जुन्या कोटेशनच्या गठ्ठ्यातून दोन पार्ट परत चालू झाले, ते धरले तर व्हीएमसीची ती मोकळी शिफ्ट जानेवारीत बरीचशी भरते. ओव्हरफ्लोवाल्या शेजाऱ्याचं नवं मशीन पुढच्या महिन्यात येतंय, म्हणजे फेब्रुवारीत टर्निंग रिकामं. त्याचे फोन आत्ताच सुरू करायचे.

रजिस्टरमध्ये बायकोने "कुठून आला" असा रकाना ठेवला होता. जुनी कोटेशन, इन्सर्टवाला, खंडेनवमी, मासिक मेसेज, सगळ्यांपुढे काही ना काही आहे. गूगलवरून चौकशा येतात, त्यातली एक कामाची, बाकी गेट आणि ग्रिल बनवता का म्हणून.

एम-१ बंद केलं. एम-२ उद्या लिहायचं, त्यात बदल असे. जुन्या कोटेशनचा पाठपुरावा बायको करणार, बुधवारचा अर्धा तास तिचा. ती न चिडता तिसऱ्यांदा विचारू शकते, मला दुसऱ्यांदाच जड जातं. माझा अर्धा तास फक्त नव्या लोकांना. गुरुवारचे दोन तास एकावर आणले, पहिली चार ऑपरेशनं संपल्यामुळे तेवढे पुरतात. महिन्यातून एक चहा मामांचा, प्लेटिंगवाल्याबरोबर. तिथल्या गप्पा मला कळत नाहीत तेवढ्या त्यांना कळतात. नमुना पीस संपत आलेत, शनिवारी दुसऱ्या शिफ्टला अजून दहा टाकायचे, या वेळी चार मिलिमीटरच्या भोकाऐवजी तीनचं.